पारो आईच्या मांडीवर देताना

त्सुकुबा, जपान

ति. दादा आणि सौ. वहिनी यांस शि. सा. नमस्कार.

स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या आईचं मन रमावं म्हणून रोबो घ्यावा का, असं विचारलंत. तिला एकटीला गुंतवून ठेवायला हवा असेल, तर नको. तुम्हा दोघांना तिच्याजवळ बसायला निमित्त हवं, तर जरूर.

इथल्याच संशोधन संस्थेतल्या शिबाता ताकानोरींनी १९९३पासून खपून घडवलेला पारो हा रोबो २००५पासून विकत मिळतो. रूप सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लाचं, लांबी ५७ सेंटिमीटर, वजन सुमारे २.७ किलो, नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं. आधी मांजरही करून पाहिलं होतं, पण खरं मांजर सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे नकलेतली उणीव लगेच जाणवते. सील कुणी पाळलेला नसतो. पारोला स्पर्श, आवाज, उजेड कळतो. कुरवाळलं की डोळे मिटतो. चार्जरही बाळाच्या चोखणीसारखा तोंडात द्यायचा.

पहिल्या दिवशी एकदम मांडीवर ठेवू नका, आई दचकेल. टीव्ही बंद करा. समोर नको, शेजारी बसा. पारो आधी वहिनींच्या मांडीवर, तोंड आईकडे. तुम्ही कुरवाळत राहा. तिचा हात पुढे आला की मगच द्या. पंधरा-वीस मिनिटं पुरे. तिन्हीसांजेला तिची घालमेल सुरू होते, त्याच्या आधीची वेळ धरा.

"काल आणला होता, आठवतं का?" असे परीक्षेचे प्रश्न नकोत. "किती मऊ आहे!" म्हणा आणि थांबा. उत्तराला वेळ लागतो. शब्द तोंडात घालू नका. ती बाळाशी बोलल्यासारखं बोलली तर दुरुस्त करू नका. मात्र "खरा आहे का?" असं सरळ विचारलं, तर यंत्र आहे हे सरळ सांगा. फसवलं गेल्याची जाणीव तिला अजून होते.

ती त्याला भरवायला जाईल, हे नक्की धरा. लव काढून धुता येत नाही, त्यात वरणभात अडकला की पंचाईत. म्हणून जेवणाआधी "झोपलाय" म्हणत आत ठेवा. "मला खुळी समजता का?" म्हणाली तर त्याच क्षणी उचला. दोन दिवसांनी पुन्हा पाहा. तिसऱ्यांदाही नको म्हणाली तर विषय सोडा.

पारोची किंमत हजारो डॉलर आहे. आधी मऊ, थोडी जड बाहुली किंवा बॅटरीवर म्याव करणारं मांजर पंधरा दिवस देऊन पाहा. आईचा हात आपणहून जातो का, कोणत्या वेळी जातो, काय बोलते, तिच्याच शब्दांत टिपून कळवा.

तुमचा,
धाकटा