रेघ एक आहे तोवर चालवा: सायकलवाल्या काकांना पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. फोन तुम्ही फक्त कानाला लावता. पण तुमचा नातू कॉलेज सुटलं की दुकानात येऊन बसतो आणि त्याची मान फोनमधून वर येत नाही, तेव्हा तो वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "तो चौदाचा पाना द्या इकडे" म्हणून विषय संपवता. म्हणून हा मार्ग. शिवाय आणखी चार लोकांनी वाचावं हाही हेतू आहे. त्या चारांत एका चकचकीत शोरूमचे मालक निघाले तर दुधात साखर.

मी पिंपरीत संत तुकाराम नगरला राहते आणि सहकारनगरमधल्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि माझी बसची धक्काबुक्की संपली. राहिला प्रश्न स्वारगेटच्या पुढचा. एवढ्याशा अंतराला रिक्षावाले नाक मुरडतात, आणि बस आली तरी तिच्यात चढायला मिळेलच असं नाही. म्हणून घडीची सायकल घेतली. वीस इंची चाकं, दांडीच्या मधोमध बिजागरी. हँडल खाली पडतं, सीटची दांडी आत जाते, आणि सगळा संसार मेट्रोत दाराशेजारी माझ्या गुडघ्याला टेकून उभा राहतो. ऑफिसात टेबलाखाली मावते. पार्किंग नाही, पावती नाही, कुलूप नाही. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग एक दिवस स्वतःच जिन्याखालच्या बोळात एक चक्कर मारून आले.

अशा सायकलीचा सगळा जीव त्या बिजागरीत असतो. पावसाळा संपता संपता नेमका तिथूनच आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की "कट्". पुढे पुढे आवाजाबरोबर दांडी हातभर हलल्याचा भास व्हायचा. पुढचा भाग आधी थांबायचा, मागचा किंचित उशिरा. स्वारगेटच्या चौकात, एका बाजूला एसटी आणि दुसऱ्या बाजूला पीएमपी असताना, आपण बसलोय तीच दांडी आपल्याखाली हलते आहे हे कळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत.

मग मी शिकल्यासवरल्या माणसांकडे गेले. म्हणजे काचेची दारं, आत कॉफीचं यंत्र, भिंतीवर लाख-लाखाच्या सायकली टांगलेल्या, अशा ठिकाणी. बरोबर भाऊ होता. सायकल माझी, पैसे माझे, आवाज ऐकलेला मी. आणि त्या एप्रनवाल्या मुलाचं सगळं बोलणं भावाशी. "मॅडम रोज चालवतात का?" हेही त्यालाच विचारलं. तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवून दमला. वर्कशॉपच्या दारावर पाटी: ग्राहकांना आत प्रवेश नाही. सायकल आत गेली आणि बऱ्याच दिवसांनी धुऊनपुसून बाहेर आली. बिलावर सर्व्हिसिंगच्या नावाखाली इंग्रजी शब्दांची रांग होती. घरी पोचायच्या आत पुन्हा कट्.

परत गेले तर म्हणाले, फोल्डिंगला आवाज येणारच. मी हटत नाही म्हटल्यावर दुसऱ्याच कुणी फोनचा टॉर्च मारला, बिजागरीजवळच्या वेल्डिंगवर एक केसासारखी रेघ दाखवली आणि निकाल दिला: "फ्रेमला क्रॅक आहे. भंगार झाली. नवीन घ्या, हप्ते करून देतो." टॉर्च मारल्यापासून हप्त्यांपर्यंत यायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी तीच रेघ का दिसली नव्हती, हे विचारल्यावर ते पुन्हा भावाकडे बघायला लागले.

त्यानंतर मी सायकल चालवणं सोडलं, ढकलत न्यायला लागले. का, ते मलाही सांगता येत नाही. टाकवत नव्हती, बसवत नव्हतं. तशी ढकलत तुमच्या गल्लीतून चालले होते आणि तुम्ही आतून ओरडलात, "ताई, चाकात हवा आहे की! मग ढकलताय कशाला?"

मी तिथेच उभ्या उभ्या सगळं रामायण सांगितलं. तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत. मग एक लोखंडी स्टूल फडक्यानं पुसून पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "बसा. बघा तुम्हीपण."

पुढे जे केलंत ते मी किती जणांना सांगितलं असेल याचा हिशेब नाही. त्या वेल्डिंगवर बोटानं रॉकेल चोपडलंत. चहा मागवलात. चहा होईपर्यंत सायकलीकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मग कोरड्या कापडानं रॉकेल लख्ख पुसून काढलंत, नातवाच्या जुन्या दप्तरातला खडू घेतलात आणि त्या जागेवर घासलात. "क्रॅक असली तर रॉकेल आत शिरलेलं असणार. ते खडूत परत वर येतं आणि ओली रेघ उमटते." आपण दोघं त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसलो. रेघ उमटली नाही. तुम्ही नखानं टवका काढलात: फक्त रंग तडकला होता. "फ्रेम धडधाकट आहे. खेळ पिनीत आलाय."

काचेच्या दुकानात ज्याला भंगार म्हणाले, त्याची परीक्षा खडूच्या तुकड्यानं झाली. तीही माझ्यासमोर.

पिनीचं आणि बुशचं काम तुम्ही ओळखीच्या लेथवाल्याकडून करून आणलंत. त्यातलं मला फारसं कळत नाही, आणि तुम्ही ते कळल्याचा आव आणायला लावला नाहीत. बिजागरी आवळून धरणारी लॅच मात्र माझ्याच हातानं बंद करायला लावलीत, पुन्हा पुन्हा. मागचा छोटा नट पाव-पाव आटा फिरवत होतात आणि मला म्हणत होतात, "अर्ध्यात अडली पाहिजे. शेवटी तळव्यानं दाबावी लागली पाहिजे. सहज बसली तर सैल, दोन हात लागले तर घट्ट." आता तो दाब माझ्या तळव्याला पाठ झाला आहे.

पण खरं पत्र लिहितेय ते पुढच्या गोष्टीसाठी.

सगळं झाल्यावर मी विचारलं, "काका, पुन्हा सैल नाही ना होणार?" इथे कुणीही "काही होत नाही ताई, बिनधास्त चालवा" म्हणाला असता. मला तेच ऐकायचंही होतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. फळीवरून नंबरप्लेट रंगवायची पांढऱ्या रंगाची डबी काढलीत, चार केस उरलेला ब्रश घेतलात, चष्मा कपाळावर चढवून श्वास रोखलात, आणि नटाच्या डोक्यापासून लॅचवरून खाली फ्रेमपर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढलीत. हँडलच्या सांध्यावर तशीच एक. "रेघ एक आहे तोवर चालवा. तुटून दोन झालेल्या दिसल्या की उतरायचं आणि इकडे यायचं."

बस्स, एवढंच. रंगाचा एक थेंबही गेला नसेल. पण त्या दिवसापासून मी मेट्रोतून बाहेर येते, घडी उघडते, लॅच दाबते, आणि डोळे आधी रेघेकडे जातात. रेघ सरळ असते. मग बसते. शोरूमनं माझ्या हातात बिल दिलं होतं, तुम्ही नजर दिलीत. धीर सगळेच देतात हो. तो दुकानाच्या पायरीपर्यंत पुरतो. चौकात मी एकटी असते, तिथे ही रेघ बरोबर असते.

आता त्यानंतरच्या गोष्टी, कारण त्याशिवाय तुमच्याबद्दल पूर्ण बोलल्यासारखं होणार नाही. मला डायनामोचा दिवा बसवायचा होता. त्याचा डायनामो हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच असतो. पैसे घेऊन आले होते. तुम्ही पट्टी लावलीत: आपल्याकडे मिळणारा हब १०० मिलिमीटरचा, माझ्या सायकलीचा चाक धरणारा पुढचा चिमटा ७४ चा. दुसऱ्या एकानं "चिमटा जरा फाकवून बसवून देतो" म्हटलं होतं, तेही मी सांगितलं. तुम्ही एवढे चिडलात की मला वाटलं मीच फाकवला. "ॲल्युमिनियम आहे ते! एकदा ताणलं की भरवसा संपला." आणि चालून आलेलं काम परत पाठवलंत. बॅटरीचा दिवा क्लिपनं लावून घ्या म्हणालात, तोही दुसऱ्या दुकानातून, कारण तुम्ही ठेवत नाही.

चढाला दम लागतो म्हटल्यावर मात्र पुढचं ५२ दातांचं चेनव्हील काढून ४६ चं लावलंत. तेव्हा ज्या उत्साहानं जमिनीवर खडूनं हिशेब मांडलात, तसा माझ्या गणिताच्या सरांनीही कधी मांडला नव्हता. चाकाचा घेर साधारण दीड मीटर, मागे २८ दातांचं मोठं चक्र, म्हणजे एका पेडलला आधी २.८ मीटर जायचे, आता २.५. "थोडं कमी जाल, पण बसून जाल." सहकारनगरच्या चढावर मी आता बसून जाते. साखळी सरकवणारा मागचा गिअर लांब पायाचा लावू का विचारलं तर नको म्हणालात. छोट्या चाकावर तो जमिनीच्या फार जवळ येतो आणि आपल्या रस्त्यांवर आठवड्यात आपटेल. आपल्या रस्त्यांबद्दल तुम्ही आणखी जे बोललात ते इथे लिहिता येणार नाही.

साखळी खाली असल्यानं धूळ जास्त खाते, तेव्हा ती पुसायची. बिजागरीवर तेल ओतायचं नाही, मातीचा लगदा होतो. सीटच्या दांडीला तर तेलाचा हात लावायचा नाही, नाहीतर बसल्या बसल्या खाली जाल. लहान चाकाला खड्डा मोठा वाटतो, म्हणून हवा दर आठवड्याला. हे सगळं पाळते आहे, तक्रारीला जागा ठेवलेली नाही.

आणि तो ब्रॉम्प्टनचा किस्सा! मी कुठेतरी वाचलेलं तुम्हाला सांगत होते, की लंडनच्या अँड्र्यू रिचीनं सत्तरच्या दशकात आपल्या फ्लॅटमध्ये घडीच्या सायकलीचा नमुना बनवला आणि खिडकीतून ब्रॉम्प्टन ओरेटरी नावाचं चर्च दिसायचं म्हणून सायकलीला ते नाव दिलं. तुम्ही ब्रेकची वायर ओवता ओवता म्हणालात, "म्हणजे इथे बनवली असती तर सारसबाग." मेट्रोत आठवून एकटीच हसले, शेजारची बाई सरकून बसली.

तुम्ही पैसे घेतलेत, याचेही आभार मानायचे आहेत. पिनीचे किती, मजुरी किती, तोंडी सांगितलंत, आणि मी देऊ केलेले वरचे परत केलेत. फुकट केलं असतं तर मी ओशाळले असते आणि पुन्हा यायला संकोच वाटला असता. रॉकेल-खडूचे किती म्हटलं तर "बघायचे पैसे नसतात." हे वाक्य मला शोरूमच्या काचेवर चिकटवायचं आहे. पुणं सायकलींचं शहर आहे असं अजून भाषणांत ऐकू येतं. असेलही. पण ते जे काही उरलंय ते अशा पाच-सात फुटांच्या दुकानांत उरलंय, जिथे माणूस आधी ऐकून घेतो, मग हात लावतो, आणि जमणार नसेल तर तसं सांगतो. अडाणी, फाटका, सुटाबुटातला, बाई, पोर, समोर कुणीही असो, गिऱ्हाईक हे त्या वस्तूचं मालक आहे आणि त्याला बघायचा हक्क आहे, एवढं मानणारी माणसं डॉक्टरांत भेटावीत, बँकेत भेटावीत. पतसंस्थेच्या काउंटरवरही भेटावीत, हे स्वतःला उद्देशून. हल्ली कुणी आजोबा व्याजाचा आकडा विचारायला आले की मी स्क्रीन त्यांच्या बाजूला वळवते.

आता कामाचं. मागच्या ब्रेकची वायर टोकाला उसवली आहे, पावसाआधी दोन्ही बदलून घेईन म्हणते. आणि माझ्याबरोबर मेट्रोतल्या एक बाई येणार आहेत. त्यांची सायकल सोळा इंची आहे आणि टायर कुठेच मिळत नाही म्हणून धूळ खात पडली आहे. तुम्ही माझ्या टायरची कड अंगठ्यानं पुसून ४०-४०६ हा आकडा (आधी टायरची रुंदी, मग टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) वाचायला शिकवलं होतंत, तसं त्यांना वाचायला सांगितलं. त्यांचा आकडा ३४९ निघाला, आणि दुकानदार सोळा इंची म्हणून इतके दिवस ३०५ चा गळ्यात मारत होते. मिळत असेल तर बघून ठेवा, नसेल तर तसं सांगा, त्यांची काही तक्रार नाही. नवऱ्याला बरोबर आणायची गरज नाही, हेही मी त्यांना सांगून ठेवलं आहे. शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटतो, साडेतीनपर्यंत पोचतो. स्टूल एकच आहे, मी उभी राहीन.

आपली,
घडीच्या सायकलवाली ताई