पेपर दोन आहेत, विषय दोन नाहीत

सोन्या,

फोनवर म्हणालास ना की कॉम्प्युटर आर्किटेक्चर आणि ओएसच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या) नोट्स वेगळ्या काढल्यात, एक पूर्ण संपवणार आणि मगच दुसऱ्याला हात लावणार, तेव्हा तू घाईत होतास म्हणून काही बोलले नाही. पण मला ते पटलं नाहीये. पेपर दोन असतील, विषय दोन नाहीत रे.

पेजिंगचंच घे, म्हणजे मेमरीचे सारख्या मापाचे तुकडे (पेजेस) करून वापरणं. ओएसमध्ये पेज टेबल शिकवतात (प्रोग्रामचं कुठलं पेज खऱ्या मेमरीत कुठे आहे त्याचा तक्ता), आर्किटेक्चरमध्ये टीएलबी शिकवतात (त्या तक्त्यातल्या नुकत्याच लागलेल्या एंट्र्यांची प्रोसेसरमधली छोटी प्रत), पोरं दोन्ही पाठ करतात आणि ते टेबल वाचतं कोण असं विचारलं की गप्प. लिहितो कर्नल (ओएसचा गाभा), वाचतो प्रोसेसर. मेमरीतून प्रत्येक वाचण्या-लिहिण्याला (लोड-स्टोअरला) कर्नल मध्ये पडायला लागला तर मशीन हलणारच नाही. म्हणून आधी टीएलबी बघायचा, तिथे नाही सापडलं तर इंटेल-एएमडीचा प्रोसेसर स्वतःच मेमरीत जाऊन टेबल शोधतो (जुन्या मिप्सवर हे काम सॉफ्टवेअरकडे होतं), आणि टेबलातही व्हॅलिड एंट्री नसेल तेव्हा कुठे पेज फॉल्ट होतो आणि कर्नलला उठावं लागतं. आता हा प्रश्न कुठल्या पेपरचा, सांग बघू.

नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही, त्यामुळे एक कर. सी मध्ये 1024 बाय 1024 चा इंटचा अ‍ॅरे घे, एकदा ओळीओळीने बेरीज कर, एकदा कॉलमने. एक इंट 4 बाइट, म्हणजे एक ओळ 4096 बाइट, म्हणजे बरोब्बर एक नेहमीचं पेज! ओळीने गेलास तर 64 बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये (कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी, तिच्यात डेटा असा लाइनीलाइनीने येतो) 16 आकडे मिळतात, एकदा आणलं की पुढचे 15 फुकट. कॉलमने गेलास तर दर पावलाला नवी लाइन आणि वर नवं पेज, आणि पहिल्या पातळीच्या डेटा टीएलबीत बऱ्याच प्रोसेसरांवर एंट्र्या 64 च्या आसपास, तिथे तू 1024 पेजेस फिरवतोयस. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच, वेळ मात्र वेगळा. बिग-ओ (पावलं किती ते सांगणारा हिशोब) सारखाच येतो, त्यात हे दिसतच नाही.

शेड्युलिंगचे (कुठली प्रोसेस कधी चालवायची त्याचे) गँट चार्ट एका बैठकीत येतात, त्यावर आठवडा घालवू नकोस. कॉन्टेक्स्ट स्विच (एक प्रोसेस थांबवून दुसरी चालवणं) महाग का पडतो ते मात्र नीट समजून घे. रजिस्टर सेव्ह करणं हा त्यातला छोटा खर्च, खरा मार बसतो तो आधीच्या प्रोसेसने तापवलेली कॅश आणि टीएलबी पुढच्याच्या काही कामाची नसते तिथे.

जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन नावाचं प्रोसेसरमधलं सुरक्षेचं भोक बाहेर आलं ते आर्किटेक्चर आणि ओएसच्या याच सीमेवरचं. प्रोसेसर परवानगी तपासून व्हायच्या आधीच अंदाजाने पुढच्या इन्स्ट्रक्शन चालवायचा, नंतर निकाल रद्द करायचा, पण कॅशमध्ये खूण राहायची, आणि त्यावरून कर्नलची मेमरी वाचता यायची. चूक हार्डवेअरची आणि निस्तरलं कोणी, तर ओएसवाल्यांनी, यूजर मोडमध्ये (साधा प्रोग्राम चालू असताना) कर्नलचं जवळजवळ सगळं मॅपिंग पेज टेबलातून काढून टाकून. त्यामुळे सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलला सांगितलेली कामं) महागले ते वेगळंच.

आणि एमआयटीचं एक्सव्ही6 वाच, शिकण्यासाठी लिहिलेला एवढासा कर्नल आहे. तो ज्यावर चालतो त्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा 39 बिटचा अ‍ॅड्रेस 9, 9, 9 आणि 12 असा का तुटतो ते आधी कागदावर काढ (एंट्री 8 बाइटची, एका पेजमध्ये 512 मावतात, बाकी तू काढ), मग एक्सव्ही6 मधलं पेज टेबल शोधणारं वॉक फंक्शन उघड, ओळखीचं वाटेल.

अ‍ॅरेचा प्रोग्राम करताना ऑप्टिमायझेशन बंद ठेव, नाहीतर कंपायलर लूपच उलटे करून देईल किंवा बेरीज कुठे छापली नाहीस तर लूपच उडवून टाकेल आणि तू म्हणशील आई काहीही सांगते. पर्फने (लिनक्सचं मोजमापाचं साधन) कॅश मिस आणि टीएलबी मिस (तिथे किती वेळा सापडलं नाही) दोन्ही मोज. व्हर्च्युअल मशिनमध्ये हे मोजणारे प्रोसेसरचे काउंटर बऱ्याचदा मिळत नाहीत, तेव्हा थेट लिनक्सवर चालव, आणि आकडे मला पाठव, मग पुढचं बोलू.

तुझी,
आई