वॅक्स काढायला दिलेल्या गाडीचा रंगच घासून काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
कार डिटेलिंग विभाग

विषय: ‘पावसाळी संरक्षण’ पॅकेजमधील निकृष्ट काम, गाडीच्या रंगाचे झालेले नुकसान आणि भरपाईची मागणी

महोदय,

माझ्या मुलाची लाल गाडी मी मे महिन्यात आपल्या वास्कोच्या केंद्रात दिली होती. पावसाआधी संरक्षक वॅक्सचा थर चढवायचा आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की तो उतरवून द्यायचा, असे आपले पॅकेज. दोन्ही कामांचे पैसे आपण आगाऊ घेतले. थर चढवला तो नीट चढवला नाही, आणि उतरवताना वॅक्सबरोबर रंगही उतरवला. त्याची दाद मागण्यासाठी हे पत्र.

मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे गाडी पावसाळाभर अंगणात उभी असते. घर मुरगाव बंदराच्या बाजूला. कोळशाची भुकटी वाऱ्याबरोबर येते आणि गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, गाडीच्या टपावर बसते. खारी हवा बारा महिने आहेच, आणि जून ते सप्टेंबर पत्र्याला सुकायला उसंत मिळत नाही. अशा जागी उभ्या गाडीला वॅक्स लावणे ही चैन नव्हे, म्हणून आपल्याकडे आलो.

त्या दिवशी गाडी आपल्या केंद्रासमोर उन्हात उभी होती. बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता, आणि त्याच तापलेल्या पत्र्यावर आपल्या कारागिराने वॅक्स फासायला घेतले. वॅक्स लावायचे ते सावलीत, थंड पत्र्यावर, गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी केल्यावर, आणि पातळ हाताने. गरम पत्र्यावर त्यातले द्रावक भराभर उडून जाते, थर सारखा पसरत नाही आणि जागोजागी घट्ट चिकटून बसतो. धुण्याचे म्हणाल तर पाइपने पाणी मारले, एवढेच. आमच्या भागातल्या गाडीच्या रंगावर जी बारीक कच रुतून बसते ती क्ले बार, म्हणजे मऊ चिकणमातीसारखी वडी, फिरवून काढावी लागते. ती न काढता वर वॅक्स लावले की कच आत कोंडते. मी हे तेव्हाच बोललो. “काका, आम्ही रोज हेच करतो,” असे उत्तर मिळाले. दाराच्या काळ्या बीडिंगवर (कडेच्या रबरी पट्टीवर) आणि बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर टेपही लावली नव्हती. तिथे गेलेले वॅक्स आता पांढरे होऊन बसले आहे आणि ब्रशने घासूनही जात नाही.

तरीही एवढ्यावर मी पत्र लिहिले नसते. खरे नुकसान उतरवताना झाले.

आपल्या माहितीपत्रकात स्वच्छ छापले आहे की हे वॅक्स खास द्रावकाने आणि मऊ मायक्रोफायबर फडक्याने, मशीन न लावता काढले जाते. पद्धत बरोबर आहे. बंदराच्या वर्कशॉपमध्ये माझी नोकरी झाली. गंज लागू नये म्हणून मेणाचा लेप दिलेले सुटे भाग आमच्याकडे येत, आणि तो लेप आम्ही रॉकेलने भिजवून, मऊ होऊ देऊन, फडक्याने पुसून काढत असू. पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर कोणी घासकाम केले असते तर फोरमनने त्याला उभे केले नसते. वॅक्स विरघळवायचे असते, घासायचे नसते.

आपल्या कारागिराने बॉनेटवर रबिंग कंपाउंडचे ठिपके टाकले आणि बफिंग मशीन चालू केले. कंपाउंडमध्ये घासणारे कण असतात. ते वॅक्स आणि रंग यांत भेद करत नाहीत. त्यात वॅक्सखाली कोंडलेली कचही पॅडमध्ये फिरत होती. बॉनेटच्या पुढच्या कडेवर त्याने मशीन एका जागी धरून ठेवले. वास्तविक कडेला रंगाचा थर पातळ असतो म्हणून तिथे टेप लावतात किंवा हातानेच काम करतात. मी जवळ जाऊन पाहिले तर पांढरे पॅड लाल झाले होते. “वॅक्स निघतंय,” तो म्हणाला. वॅक्स निघाले तर पॅडवर पांढरट, चिकट थर येतो. पॅड गाडीच्या रंगाचे होते याचा अर्थ वरचा पारदर्शक क्लिअरकोट संपून खालचा रंग उघडा पडला. मी तिथेच मशीन बंद करायला लावले.

तोवर बॉनेट, दोन्ही पुढचे मडगार्ड आणि ड्रायव्हरच्या बाजूचे दार झाले होते. ट्यूबलाइटखाली बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांचे जाळे दिसते, आणि कडेला बोटभर रुंदीचा निस्तेज पट्टा आहे. फोटो सोबत आहेत.

आजच्या गाड्यांवर प्रायमर, रंग आणि क्लिअरकोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो आणि त्यात क्लिअरकोट जेमतेम 40 ते 50 मायक्रॉन. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंग वाचवणारी द्रव्ये प्रामुख्याने याच थरात असतात. तो गेला की गोव्याच्या उन्हात लाल रंग विटायला वेळ लागत नाही. घासलेला क्लिअरकोट परत येत नाही. नव्याने मारावाच लागतो.

आपल्या व्यवस्थापकांनी यावर “फुकट सिरॅमिक कोटिंग करून देतो, काही दिसणार नाही” असा प्रस्ताव दिला. तो मला मान्य नाही. न दिसणे हा उपाय नव्हे. ते कोटिंग अगदी पातळ असते, गेलेल्या थराची जागा ते घेऊ शकत नाही. शिवाय आतले ओरखडे त्याखाली कायमचे बंद होतील आणि पुढे कोणी तपासायला गेले तर आधी कोटिंग काढावे लागेल.

माझी मागणी अशी. टपावर मशीन फिरलेले नाही. तेव्हा तुलनेसाठी रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरने टप आणि घासलेले चारही भाग माझ्यासमोर मोजावेत आणि आकडे सहीशिक्क्यासह लेखी द्यावेत. (हा मीटर पत्र्यावर चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, बंपर डोळ्यांनी तपासावा लागेल.) जिथे क्लिअरकोट गेला आहे तो भाग गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये रंगवून घेण्याचा खर्च आपण द्यावा. उरलेले वॅक्स आपण माहितीपत्रकात छापलेल्या पद्धतीनेच काढावे, बीडिंग साफ होत नसेल तर बदलून द्यावे, आणि पॅकेजची पूर्ण रक्कम परत करावी. ज्या कारागिराच्या हाती मशीन दिले त्याला आपण काही शिकवले होते की नाही, याचेही उत्तर मला हवे आहे. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या पगारातून एक पैसाही कापू नका. जबाबदारी पैसे घेणाऱ्या कंपनीची आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली आहे, पण मला तितके थांबायचे नाही. मुलगा डिसेंबरात बोटीवरून येतो आहे, त्याआधी गाडी दुरुस्त झाली पाहिजे. तोवर ती मी झाकून ठेवली आहे; मोजणीसाठी आपला माणूस कोणत्याही दिवशी सकाळी घरी पाठवावा.

आपला ग्राहक,
वास्को, गोवा

सोबत: पावतीची प्रत, माहितीपत्रकाची प्रत, बॉनेट, मडगार्ड, दार आणि बीडिंगचे फोटो