जंतू काम टाकून देतात तेव्हा

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पीएचडी करतेयस ना, मग आता परत शाळा कसली?" मागून आईचा आवाज आलाच, "त्या जंतूंना हात लावू नकोस म्हणावं." फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा, ही शाळा म्हणजे जीवाणूंच्या डीएनएत बदल करून त्यांच्याकडून हवं ते काम करवून घ्यायला शिकवणारा छोटा अभ्यासक्रम, आणि इथे सगळे पीएचडीवालेच आहेत. काही जीवशास्त्राचे, काही इंजिनिअर, थोडे गणितवाले. सकाळी व्याख्यानं, दुपारी लॅब. स्टार्टअप कसं काढावं यावरचं व्याख्यान मी जवळजवळ झोपेत काढलं. खरी मजा लॅबमध्ये. आमच्या गटाने डीएनएचे तुकडे जोडून ई. कोलाय जीवाणूत घातले. ठरावीक साखर मिळाली की त्याने हिरवं चमकायचं. निळ्या दिव्याखाली प्लेट धरली तर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके! नीट पाहिलं तर मधूनच एखादा पांढुरका ठिपका, आणि तो शेजारच्या हिरव्यांपेक्षा चांगला मोठा.

आमच्यातला इंजिनिअर म्हणाला, "पार्ट, म्हणजे आपण जोडलेला डीएनएचा तुकडा, सदोष असणार." तसं नव्हतं. चमकण्याचं प्रथिन बनवायला पेशीची ऊर्जा लागते, रायबोझोम (पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं) त्यात अडकून पडतात, त्यात वाढ मंदावते. एखाद्या पेशीत उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएत आपोआप बदल, होऊन ते काम बंद पडलं की ती सुटते आणि भराभर वाढते. समजा कामकरी पेशी 25 मिनिटांत दुप्पट होते आणि सुटलेली 20 मिनिटांत. खायला पुरलं तर 10 तासांत एकीच्या 24 पिढ्या, दुसरीच्या 30. म्हणजे कामचुकार 64 पट पुढे! बाबा, हिशेब तपासून बघा, तुम्हाला आवडेल.

पूल बांधणाऱ्याला ही भानगड नसते, लोखंड काही रातोरात पिढ्या बदलत नाही. रात्री गप्पांत कळलं, जवळजवळ प्रत्येकाच्या प्रबंधात हे दुखणं आहे. शोधनिबंधांत एवढं मोकळेपणाने कोणी लिहीत नाही. माझ्या मते या शाळेची फी तिथेच वसूल झाली.

आई, आता तुझे जंतू. लॅबमधले वाण आजारी पाडणारे नाहीत, आणि हातमोजे मी घालतेच. शिवाय तुझं रोजचं इन्सुलिन असल्याच जंतूंकडून नाहीतर यीस्टकडून करवून घेतलेलं असतं. जीवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत 1982 मध्येच परवानगी मिळाली. अशी प्रथिनं बनवताना पुष्कळदा एक युक्ती करतात: जंतूंना आधी मनसोक्त वाढू देतात आणि संख्या भरपूर झाल्यावरच जनुकाचा स्विच चालू करतात. मग काम टाकून पळायला त्यांना फारसा वेळच उरत नाही. माझ्या जीवाणूंवर आता हेच करून बघणार आहे.

बाबा, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नका. आई, इन्सुलिनचं पेन उन्हात ठेवू नकोस. शनिवारी संध्याकाळी फोन करते.

तुमची,
मनू