बाईंच्या नावाच्या माडीसाठी : वाचनालयाचे आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

बाईंना जाऊन येत्या वैशाखात वर्ष होईल. कोणत्या बाई, असे आपल्या गावात कुणी विचारत नाही. आईला शिकवले, मग लेकीला शिकवले. रिटायर झाल्यावर वाचनालयात गोष्टी ऐकायला येणारी पोरे त्यांना 'बाईआजी' म्हणू लागली.

त्यांची पहिली नेमणूक आटपाडी तालुक्यातली. लगेच १९७२चा दुष्काळ पडला. पोरे आईबापांमागे खडी फोडायच्या कामावर गेली, वर्ग ओस पडला. बाई गुंडाळीचा फळा काखेत मारून कामावरच गेल्या आणि सुकडीच्या रांगेशेजारी बाराखडी घेऊ लागल्या. हे त्यांनी स्वतः कधी सांगितले नाही. तिकडचा एक गृहस्थ त्यांच्या दहाव्याला आला, तेव्हा आम्हाला कळले.

आपल्याकडे लग्नपत्रिकेचे प्रूफ आधी बाईंकडे जायचे. 'आशिर्वाद' दिसला की लाल पेन बाहेर. वाचनालयाच्या सूचनाफलकालाही त्यांनी सोडले नाही. माझ्या हातच्या सूचना त्यांनी किती वेळा दुरुस्त केल्या ते मी इथे सांगत नाही.

ऑगस्ट २०१९ मात्र सगळ्यांना आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि इकडे आपली खालची तीन कपाटे पाण्यात. भिजलेला गठ्ठा रद्दीत घालायचा ठराव आम्ही जवळजवळ केलाच होता. बाईंनी तो टेम्पोने घरी नेला. गच्चीवर दोऱ्या बांधल्या, नातवंडांना बसवले आणि चिकटलेल्या पानांत एकेक करून टाल्कम पावडर भुरभुरवली. ती पुस्तके उघडली की आजही पावडरीचा वास येतो. २०२१ला पुन्हा पाणी आले, तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "पुस्तकं वर न्या. माझा फोटो लावू नका, माडी बांधा."

तीच माडी बांधायची आहे.

या संस्थेला गावाने कधी उपाशी ठेवले नाही, हे कृतज्ञतेने नमूद करतो. गिरणगावातल्या आपल्या माणसांनी १९८२च्या संपातही वर्गणी चुकवली नाही. पाच-पाच रुपयांच्या त्या मनिऑर्डरींच्या पावत्या दप्तरी जपून ठेवल्या आहेत. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेल्यांनी कपाटे दिली. यात्रा कमिटीने एका वर्षी दारूकाम रद्द करून ते पैसे इकडे वळवले. बचत गटाच्या भगिनींनी सतरंज्या दिल्या, वर त्या धुण्याची जबाबदारीही घेतली!

म्हणूनच गेल्या दिवाळीचा अनुभव मनाला लागला. माडीचा निरोप ग्रुपवर टाकला, तर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला आणि पावत्या फाटल्या नऊ. बाईंच्या हातची छडी खाल्ल्याचे कौतुकाने सांगणारे बरेच जण त्या नऊजणांत नाहीत. असो. हे लिहायचे नव्हते, पण मिटिंगला तिघेच होतो, त्यामुळे कुणी खोडले नाही.

अंदाजे खर्च साडेचार लाख, हातात एक लाख साठ हजार. शासनाचे अनुदान पगार आणि वर्तमानपत्रांतच संपते. पावसाळ्याआधी स्लॅब पडलाच पाहिजे, म्हणून रक्कम अक्षय्य तृतीयेपर्यंत यावी. रोख वाचनालयात सायं. ५ ते ७ (सोमवार बंद), ऑनलाइनसाठी क्यूआर कोड दारावर आहे, बाहेरगावच्यांनी कार्यवाहांकडून मागवावा. सिमेंट, सळई, वाळूही चालेल. गवंडीकामाला रविवारी हात लागतील. आयकराची सवलत मिळणार नाही, आधीच सांगतो. जुनी गाइडे कृपया आणू नयेत.

पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि पावतीवर आपले नाव ऱ्हस्व की दीर्घ, ते समोर उभे राहून तपासून घ्यावे. आता तपासायला बाई नाहीत.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)