मामाची गोष्ट मामाला सांगू देऊ नकोस

ठाणे

प्रिय मनू,

तुझी पटकथा वाचली. बाबांनीही वाचली, चष्मा पुसत "छान आहे" म्हणाले आणि पेपरकडे वळले, तेव्हा त्यांच्या मताची वाट बघू नकोस. माझं मत मात्र तुला ऐकावं लागेल.

पहिल्या पानापासून मोठा मामा स्वतःच बोलतोय. मी दहीहंडीचं पथक उभं केलं, मी पोरांना शिस्त लावली, मी आठवा थर लावून दाखवला. अगं, तो एरवीही असाच बोलतो, लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत. त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण त्याच्या तोंडून आलं की बढाई वाटते, आणि तुझा प्रेक्षक दहाव्या मिनिटाला मोबाइल काढेल.

'आनंद' टीव्हीवर लागला की आपण सगळं सोडून बसतो. लक्षात राजेश खन्ना राहतो, पण गोष्ट डॉ. भास्करची आहे. सिनेमा सुरू होतो तेच त्याने आनंदवर लिहिलेल्या पुस्तकाच्या सत्काराने. हा भास्कर आधीच चिडका आणि थकलेला. गरिबीवर आपल्याकडे औषध नाही हे त्याला कळून चुकलेलं. असा माणूस आनंदपुढे विरघळला म्हणून आपला विश्वास बसतो. पहिल्याच भेटीत गळ्यात पडणारा डॉक्टर असता तर बसला असता का? आणि शेवट आठव. आनंद जातो तेव्हा भास्कर खोलीत नसतोच, औषध आणायला गेलेला असतो. ज्याच्या डोळ्यांनी सगळा सिनेमा पाहिला, त्याचीच ती वेळ चुकते. परत येऊन तो निश्चल पडलेल्या मित्रावर ओरडतो, बोल म्हणून, आणि मग टेपमधून आवाज येतो. हृषीकेश मुखर्जींनी १९७१ साली हे करून ठेवलंय. तुमच्या वर्गात शिकवतात की नाही कोण जाणे.

दुसरा 'अमेडियस', १९८४ चा. संगीतकार मोत्सार्टची गोष्ट, पण सांगतो त्याच्याच काळातला दरबारी संगीतकार सालिएरी, म्हातारपणी वेड्यांच्या इस्पितळात, एका पाद्र्याला. आधी स्वतःच्या चाली वाजवून दाखवतो, पाद्र्याला एकही ओळखता येत नाही. मग मोत्सार्टची एक वाजवतो, तर पाद्री लगेच गुणगुणायला लागतो. सालिएरीचा चेहरा बघ तेव्हा! खऱ्या इतिहासात त्याने मोत्सार्टला मारल्याचा पुरावा नाही, ते सोड. मुद्दा हा की दरबारातल्या बाकीच्यांना मोत्सार्ट म्हणजे खिदळणारं वाह्यात पोरगं वाटतं. तो किती मोठा आहे हे नेमकं कळतं ते जळणाऱ्यालाच, कारण हस्तलिखितात खाडाखोड नाही म्हणजे काय, हे त्या घोळक्यात त्यालाच समजतं. तुझ्या पटकथेत मामावर जळणारा एकही माणूस नाही. नौपाड्यात राहून तुला तो सापडला नाही?

आपल्याकडचंच बघायचं तर नट काशिनाथ घाणेकर. ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात तुझं गॅदरिंग झालं होतं, तेच. तुझी आजी त्यांचा 'अश्रूंची झाली फुले' नाटकातला लाल्या बघून आली की दोन दिवस त्यावरच बोलायची. त्यांच्यावरच्या २०१८ च्या सिनेमाला आधार कांचन घाणेकरांच्या 'नाथ हा माझा' या पुस्तकाचा, म्हणजे बायकोच्या नजरेचा. पण त्यांच्या पहिल्या पत्नी, डॉ. इरावती, यांनी तीच वर्षं सांगितली असती तर? माणूस तोच, टाळ्या त्याच, सिनेमा वेगळा झाला असता. म्हणून कोण सांगतंय हे आधी ठरव, प्रसंग नंतर.

आता म्हणशील, मग मामी, आजी, पथकातली पोरं, सगळ्यांनाच बोलायला लावते. 'सिटिझन केन'मध्ये तसं आहे खरं. पण तू आधी एकाला नीट उभं कर.

माझा कौल बाळाकाकाला. २०१२ ला ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावले तेव्हा मी गर्दीत होते. सगळ्यांच्या माना वर. पायातल्या माणसांकडे कोण बघतं? बाळाकाका मामाच्या पथकात इतकी वर्षं पहिल्या थरात उभा राहिला, पण हंडी फुटताना त्याने कधी पाहिलीच नाही. हनुवटी छातीला टेकलेली, हात शेजाऱ्याच्या खांद्यात अडकवलेले, पाठीवर पाणी ओततायत. वर काय चाललंय ते त्याला खांद्यावरच्या ओझ्यावरून कळतं. एक्का, म्हणजे सगळ्यात वरचा पोरगा, चढला की वजन फारसं वाढत नाही, फक्त वरचे पाय जरा थरथरतात, असं तो सांगतो. आणि कानावर फक्त मामाची शिट्टी.

त्याचा खांदा निखळला त्या संध्याकाळी मामा सत्काराला गेला होता. अजून चहाचा ग्लास तो डाव्या हाताने उचलतो. तरी मामाची हाक आली की भाडं सोडून रिक्षा वळवतो. का, ते मला नीट सांगता येणार नाही, मामा माझा सख्खा भाऊ आहे. मी सांगायला बसले तर एक तर पांघरूण घालेन, नाही तर लहानपणीच्या खोड्या काढेन. बाळाकाकाकडे मात्र राग आहे आणि जीवही आहे. त्याला नुसता कुरकुऱ्या केलास तर मामाही खुजा होईल, तेवढं सांभाळ.

संध्याकाळी तो तीन हात नाक्याच्या स्टँडवर असतो. शनिवारी आलीस की जा. वही काढू नकोस, चहा सांग, खांद्याची चौकशी कर आणि गप्प बस. ते तुला जमत नाही, पण प्रयत्न कर.

मामाला यातलं काही आत्ताच बोलू नकोस. त्याने पोस्टरसाठी फोटो काढून घेतलाय, फेटा बांधून.

तुझी,
आई