टायब्रेकर

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. राहून गेलं, दुसरं कारण नाही. नानांची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा तसाच. पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पोराची पेनल्टी हुकली. शाहू स्टेडियम, फुटबॉलची सेमीफायनल, बरोबरीनंतरचा टायब्रेकर, पाचवी किक. बॉल बारवरून गेला. त्याच गोलात, बाळ्या.

पंधरा दिवस झाले. बूट चिखलासकट जिन्याखाली पडलेत. क्लासला जातो तो पेठेतून नाही, मागच्या बोळातून. फोनवर लोकांनी काय काय लिहिलंय ते मी त्याच्या आईला वाचू दिलं नाही. सोळा वर्षांचं पोरगं रे! परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर हा अंधारात बसलेला. म्हणाला, "बाबा, डोळे मिटले की तीच किक दिसते."

आणि मी काय केलं होतं? किक हुकली तसा गॅलरीतून उठलो आणि सरळ घरी आलो. मला तिथं उभं राहवेना. त्यानं वर माझ्या जागेकडे बघितलं, तर जागा रिकामी. हे त्यानं आईला सांगितलं, मला नाही.

तेव्हा तू आठवलास. ९५ साली तुझी हुकली आणि मी चार महिने तुझ्याशी बोललो नाही. एका बाकावर बसून! तू समोरून आलास की मी रस्ता बदलायचो. ते दिवस तू कसे काढलेस, हे कधी विचारलंही नाही. आदल्याच वर्षी तुमच्या माडीवर पहाटेपर्यंत जागून ९४ च्या वर्ल्डकपची फायनल बघितली होती. इटलीच्या बॅजिओची किक वर गेली आणि तू ब्राझील ब्राझील करत नाचलास, वर "तुझा मॅराडोना कुठाय?" म्हणून मला डिवचलंस. (त्याचा राग अजून आहे. २०२२ ला मेस्सीनं कप उचलला तेव्हा तुझा फोन का बंद होता, ते आधी सांग.) बॅजिओ मान घालून उभा होता, त्याच्याकडे आपल्यापैकी कुणी बघितलं का?

त्या फायनलला अमेरिकेत काही संशोधकांनी प्रेक्षकांची लाळ तपासली होती म्हणे. ब्राझीलवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन, ते पुरुषी हार्मोन, वाढलं, इटलीवाल्यांचं घटलं. बॉलला पाय न लावता! २००६ च्या वर्ल्डकपमध्ये जर्मनीची मॅच असायची त्या दिवशी म्युनिकच्या भागात हृदयविकाराच्या तातडीच्या केसेस अडीच पटींहून जास्त व्हायच्या. बघणाऱ्याच्या जिवाची ही गत, मग किक मारणाऱ्या पोराचं काय होत असेल? जिंकलो की पेठ म्हणते "आपण मारली". हरलो की "त्यानं घालवली". त्या दिवशी मीही पेठेतलाच एक झालो, बाप राहिलो नाही.

शिट्टी वाजल्या वाजल्या मारली त्यानं. नॉर्वेच्या गेयर योर्डेट नावाच्या संशोधकानं टायब्रेकरचा बारकाईनं अभ्यास केलाय. दडपणात खेळाडू गोलकीपरकडे बघायचं टाळतात आणि घाई करतात, एकदाचं संपू दे म्हणून. तूही तशीच मारली होतीस. हे मी सांगितलं तर त्याला चूक काढल्यासारखं वाटेल. तू सांगितलंस तर ऐकेल.

म्हणून शनिवारी ये मर्दा. तुझी हुकली होती हे त्याला माहीतच नाही. घरात हा विषय मीच कधी काढला नाही. त्यानंतर पुन्हा मैदानात कसा उतरलास, कुणाचा आधार होता, सगळं सांग त्याला. मी शेजारी बसून ऐकेन. मलाही ऐकायचंय. आणि बाळ्या, ९५ ला माझं चुकलं. फार चुकलं.

वहिनींची बदली झाली का? छोटीचं बारावीचं काय ठरलं? भेटल्यावर बोलू.

एसटीत बसलास की फोन कर. स्टँडवर आम्ही दोघं येतो.

तुझा,
पक्या